नवीन पिकअप घेताय? आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा

पिकअप घ्यायची म्हटली की ओळखीतले लोक मला फोन करतात आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, इंजिन केवढं आणि ओढते किती. मी उलट विचारतो की हौद्यात नेमकं काय टाकणार आणि आत माणसं किती बसणार, तर तिथे बरेच जण अडकतात कारण तो विचारच केलेला नसतो. मी गेली बारा वर्षं कामासाठी पिकअपच चालवतोय, पाइप, टाइल्स, जनरेटर, कधी ट्रेलरवर छोटा एक्स्कॅव्हेटर, सगळा माल वाहून झालाय. स्वतःच्या तीन झाल्या, बाकी भाड्याच्या आणि मित्रांच्या. आता चौथी घ्यायचीये म्हणून गेले सहा महिने सगळे मॉडेल चाळतोय, जी मिळेल ती चालवून बघतोय, आणि जे कळलं ते एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं कारण गेल्या तीनचार वर्षांत जवळपास प्रत्येक कंपनीची गाडी बदललीये आणि जुने सल्ले आता लागू पडत नाहीत.

तर सगळ्यात आधी ड्रायव्हरचं दार उघडा. जिथे दार लॉक होतं त्या खांबावर एक स्टिकर किंवा पट्टी असते. अमेरिकेत विकलेल्या गाडीवर तिथे सरळ लिहिलेलं असतं की माणसं आणि माल मिळून एवढ्या वजनाच्या वर जाऊ नका. बाकी बऱ्याच ठिकाणी पूर्ण भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, उरला तो पेलोड. ब्रोशरमध्ये जो पेलोड छापतात तो त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या व्हेरिएंटचा असतो, म्हणजे टू व्हील ड्राइव्ह, साध्या सीटा, छोटी चाकं. तुम्ही घेणार फोर बाय फोर, डबल कॅब (चार दारांची), सनरूफ, पॉवर सीट, मोठी चाकं, आणि वरून हौद्याला झाकण, स्टीलचं बंपर, विंच लावणार. हे सगळं वजन त्याच आकड्यातून कापलं जातं. माणसंही त्यातच धरतात, ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते.

हे मी पैसे घालवून शिकलोय म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय. माझी तिसरी गाडी टॉप व्हेरिएंट होती, मोठी चाकं, लेदर सीट, मऊ सस्पेन्शन, चालवायला इतकी छान की घरच्यांनाही आवडली. पहिल्यांदा टाइल्स भरल्या, आम्ही तिघं आत, आणि गाडी मागून बसली, पुढचे दिवे वर आभाळाकडे, स्टिअरिंग एवढं हलकं झालं की वळणावर पुढची चाकं रस्ता धरतायत की नाही तेच कळेना. पुढच्या वजनकाट्यावर काटा केला तर मर्यादेपेक्षा १८० किलो जास्त. त्याच गाडीचं खालचं व्हेरिएंट घेतलं असतं तर हाच माल आरामात बसला असता. शोरूममध्ये मला कोणी हे सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागे जास्त वजन गेलं की पुढचा एक्सल हलका होतो आणि वळणं पूर्ण आणि ब्रेकचा मोठा भाग पुढच्या चाकांवर असतो, त्यामुळे ही नुसती टायर-पाट्यांची काळजी नाही, जिवाची आहे.

आता ओढायच्या आकड्याकडे येऊ, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच असतो. पूर्वी अमेरिकेत प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढायची. नंतर जे-२८०७ नावाचं एक स्टँडर्ड आलं, टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून आधी पाळलं आणि बाकीच्या मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आल्या. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, भर उन्हात, एसी फुल ठेवून, ट्रेलर लावून ११.४ मैल चढायचं आणि साध्या चार चाकांच्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. म्हणजे आकडा खोटा नसतो. पण तो ओढताना बाकी गाडी जवळजवळ रिकामी धरलेली असते आणि तिथेच आपला हिशोब चुकतो.

एक हिशोब कागदावर मांडून बघा. समजा गाडीचा पेलोड ६८० किलो आहे, आणि ट्रेलर ३,००० किलोचा. ट्रेलरचं जे वजन हुकवर खाली दाबतं ते साधारण १० ते १५ टक्के असावं लागतं, त्यापेक्षा कमी झालं तर ट्रेलर मागे शेपटासारखा हलायला लागतो. म्हणजे कमीत कमी ३०० किलो हुकवर आले. ते पेलोडमधून गेले, राहिले ३८०. आत पाच माणसं ८० किलोंची धरली तर ४०० झाले, आणि हौदा अजून रिकामाच आहे. गाडी ओढायला समर्थ असूनही ओव्हरलोड झाली. दुसरी मर्यादा गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची असते. गाडी २,३०० किलोची, जोडीची मर्यादा ६,००० ची, आणि ट्रेलर जाहिरातीप्रमाणे पूर्ण ३,५०० चा जोडला तर गाडीत माणसं आणि सामान मिळून फक्त २०० किलो टाकता येतात, मग हौद्याची क्षमता एक टन असली तरी तिचा उपयोग नाही. दोन्ही मर्यादा एकाच वेळी तपासायच्या, कुठलीही एक ओलांडली तरी ओव्हरलोडच.

मॉडेलांकडे जाताना एक गोष्ट आधी सांगतो कारण ती कळली नाही तर तुलना करताना गोंधळ होतो. पिकअपचे जगात दोन वेगळे संसार आहेत. अमेरिकेत मोठ्या पेट्रोल पिकअप, आणि बाकी जगात साधारण एक टन माल घेणाऱ्या मध्यम आकाराच्या डिझेल. यामागे एक जुना कर आहे, १९६४ पासून अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयात कर लावला, युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला त्याला उत्तर म्हणून, आणि म्हणून तो अजूनही कोंबडी कर म्हणूनच ओळखला जातो. त्यामुळे टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची डी-मॅक्स तिथे नवीन मिळत नाहीत आणि तिथली कंपन्यांची रचना वेगळीच घडत गेली. फोर्डची एफ-१५० आणि हायलक्स यांची थेट तुलना करणारे व्हिडिओ भरपूर आहेत पण दोन्ही शेजारी उभ्या असलेल्या शोरूम फारच कमी, म्हणून आपल्याला ज्या संसारातली गाडी मिळणारे त्यातच बघा.

एक टनवाल्यांत पहिलं नाव हायलक्स, १९६८ पासून चालू आहे. २.८ लिटरचं डिझेल, २०२० पासून २०४ हॉर्सपॉवर, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी ब्रोशरच्या कोपऱ्यात असते, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ) आहे पण मॅन्युअलला ४२०. भरलेली गाडी चढावर न्यायची असेल तर हा फरक पायाखाली जाणवतो. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते, मागे बसणारे कुरकुर करतात, पण आठशे किलो टाका, तीच गाडी शांत होते आणि सरळ रेषेत चालते. आतलं डिझाइन मला जुनं वाटायचं, नवी पिढी कंपनीने २०२५ च्या नोव्हेंबरात दाखवली आहे तेव्हा घाई नसेल तर ती बघूनच ठरवा. या गाडीचं खरं बळ म्हणजे कुठल्याही आडवळणाच्या गावातला मेकॅनिक ती उघडायला घाबरत नाही, आणि कामाच्या गाडीला याचं मोल फार आहे.

फोर्डची रेंजर २०२२ च्या सुमारास नवी आली आणि माझ्या मते या गटाचं माप तिने बदललं. हौद्यात दोन चाकांच्या कमानींच्या मधे पूर्ण पॅलेट बसतं, म्हणजे फोर्कलिफ्टने सरळ आत ठेवता येतं. ही गोष्ट कागदावर लहान वाटते पण ज्याने पन्नास पेट्या हाताने एकेक करून उतरवल्यात त्याला विचारा. शिवाय मागच्या चाकाच्या मागे हौद्यावर चढायला पायरी दिलीये. इंजिनं बरीच आहेत, त्यातलं २.० लिटर ट्विन टर्बो मी दोन दिवस चालवलं, रिकाम्या गाडीला भरपूर, पण ट्रेलर लावून चढावर ते सतत गिअर शोधत राहतं, दहा गिअर आहेत आणि ते सगळे वापरतं. ३.० लिटर व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं) डिझेल मात्र वेगळीच वस्तू आहे, ६०० न्यूटन मीटर, आणि ओढताना इंजिन घाईला येत नाही. शक्य असेल तर तेच घ्या. रेंजरचंच ऑफ-रोड रूप असलेली रॅप्टर बघून भुलू नका असं मी म्हणणार नाही, ती ज्या कामासाठी बनलीये ते काम, म्हणजे वाळू, दगड, उड्या, ती अप्रतिम करते, पण मागे पाट्यांऐवजी कॉइल (गुंडाळीच्या) स्प्रिंग असल्याने तिचा पेलोड सहाशे-सातशे किलोच्या घरात येतो आणि ओढायची मर्यादा ३,५०० वरून २,५०० वर. माल वाहणाऱ्याने ती घेऊ नये.

फोक्सवॅगन अमारोकचं दुसरं मॉडेल रेंजरच्याच पायावर आहे आणि दक्षिण आफ्रिकेत फोर्डच्या कारखान्यातच बनतं. आतली बैठक, बाहेरचा पत्रा, ट्यूनिंग वेगळं, हाडं तीच. त्यामुळे या दोघींत ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ त्याची घ्या, बाकी डोकं शिणवू नका.

डी-मॅक्स ही मला व्यक्तिशः सगळ्यात जास्त पटलेली गाडी. ३.० लिटर, १९० हॉर्सपॉवर, ४५० न्यूटन मीटर, कागदावर दोन्ही आकडे हायलक्स ऑटोमॅटिक आणि रेंजरच्या ट्विन टर्बोपेक्षा कमी. पण इंजिन मोठं आणि त्याच्यावर ताण कमी, खालच्या आरपीएमलाच ओढ मिळते, आणि ट्रक बनवणाऱ्या कंपनीचं डिझेल आहे हे आवाजातच कळतं. आवाज आहे, हे खरं, हायवेवर लांब जायचं असेल तर तो कानात बसतो. काही बाजारांत छोटं १.९ लिटर मिळतं, ते फक्त हलक्या मालाला. माझदाची बीटी-५० २०२० पासून याच गाडीवर बेतलेली आहे, आतून जास्त नीटनेटकी, यांत्रिकदृष्ट्या सारखीच.

मित्सुबिशीची ट्रायटन, काही देशांत एल-२०० म्हणतात ती, २०२३ मध्ये पूर्ण नवी झाली. २.४ लिटर, २०४ हॉर्सपॉवर, ४७० न्यूटन मीटर. तिची जी गोष्ट मला खूप आवडली ती फोर बाय फोरची. बाकी बहुतेक पिकअपना जो साधा फोर बाय फोर असतो तो कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचा नसतो, कारण पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात, वळणावर दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि ते जमत नाही म्हणून गिअर पेटीवर ताण येतो. ट्रायटनच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये मधे डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, दिलाय, त्यामुळे पावसात ओल्या, कुठे सुक्या अशा रस्त्यावर निर्धास्त फोर बाय फोरमध्ये चालवता येते. रेंजरच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये आणि अमारोकमध्येही डांबरावर चालणारा मोड मिळतो. रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर मागून किती पटकन सटकते हे ज्याने अनुभवलंय त्याला ही सोय लग्झरी वाटणार नाही. मागे हलका हौदा, पुढे जड इंजिन, आणि ओढ मागच्या चाकांना, सटकणारच.

सस्पेन्शनवर थोडं थांबतो कारण यावरून लोक वर्षानुवर्षं भांडतात. निसानच्या नवाराने मागच्या पिढीतच डबल कॅबला कॉइल दिले. अमेरिकेत रॅम १५०० ने २००९ पासून, टोयोटाच्या टुंड्राने २०२२ पासून, आणि त्यांच्याच टाकोमानेही नव्या पिढीत बहुतेक व्हेरिएंटना कॉइलच दिले, पाटे फक्त खालच्या व्हेरिएंटना राहिले. एफ-१५० आणि शेवरोलेची सिल्व्हराडो अजून पाट्यांवरच आहेत. कॉइलवाली गाडी रिकामी किंवा अर्धी भरलेली खूप छान चालते, मागच्या सीटवरच्या मुलांना डुलकी लागते. पण तेवढ्याच वजनाला ती जास्त बसते, आणि रोज भरायची असेल तर एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, लावाव्या लागतात, आणि एक लक्षात घ्या, एअर बॅग लावल्या म्हणून पेलोड वाढत नाही, गाडी फक्त सरळ दिसते, स्टिकरवरचा आकडा तोच राहतो. वर्षाचे तीनशे दिवस भरून चालवणार असाल तर पाटे, घरगुती वापर आणि महिन्यातून दोनदा माल असेल तर कॉइल, माझं मत एवढं सरळ आहे.

आता मोठ्या अमेरिकन. फोर्डची एफ सिरीज (एफ-१५० हिच्यातलीच) १९४८ पासून आहे आणि १९७७ पासून तिथला सगळ्यात जास्त खपणारा ट्रक. एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनिअमची आहे, त्यावेळी वजन तीनशे किलोच्या आसपास कमी झालं आणि तेच पेलोडमध्ये परत मिळालं. पत्रा गंजत नाही, पण ठोकला गेला तर दुरुस्ती सगळ्यांना येत नाही हे घेण्याआधी विचारून ठेवा. इंजिनांत २.७ लिटर टर्बो व्ही-सिक्स मला पुरेसं वाटतं, ३.५ लिटरचं ४०० हॉर्सपॉवरचं ओढणाऱ्यांसाठी, त्याच्याबरोबर ती ६,१०० किलोपर्यंत ओढते असं कंपनी सांगते. पण सगळ्यात कामाची हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेली), ४३० हॉर्सपॉवर तर आहेच, पण हौद्यातून ७.२ किलोवॉटपर्यंत वीज मिळते. वेल्डिंग मशिन, कटर, काँक्रीटचा मिक्सर, सगळं गाडीवर चालतं. मी साइटवर एक दिवस असं काम बघितलं, जनरेटर न्यायचाच नाही म्हटल्यावर हौद्यातली एक मोठी जागा आणि शंभरेक किलो वजन वाचलं, दिवसभर त्याचा आवाजही नाही.

सिल्व्हराडो १५०० चा हौदा या गटात सगळ्यात मोठा आणि स्टीलचा, दगड-विटा टाकणाऱ्याला तोच सोयीचा. तिचं ३.० लिटर सहा सिलिंडरचं डिझेल ४९५ फूट पाउंड (सुमारे ६७० न्यूटन मीटर) टॉर्क देतं आणि लांबच्या हायवेवर ॲव्हरेजच्या बाबतीत बाकी कुणी जवळ येत नाही. छोटं २.७ लिटर चार सिलिंडरचं इंजिन ऐकून लोक नाक मुरडतात, पण ४३० फूट पाउंड टॉर्क आहे, फक्त आवाजाला आठ सिलिंडरच्या व्ही-एटची सर नाही. ६.२ लिटर व्ही-एट घेणाऱ्याने एक तपासावं, २०२१ ते २०२४ च्या या इंजिनांसाठी कंपनीने २०२५ मध्ये मोठा रिकॉल काढला होता, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या होत्या. तसंच टुंड्राच्या व्ही-सिक्ससाठी टोयोटाने २०२४ मध्ये काढला, इंजिनात मशिनिंगचे कण राहिल्याच्या कारणाने. शोरूममधल्या जुन्या स्टॉकची गाडी असेल तर चासी नंबर टाकून रिकॉल तपासायला पाच मिनिटं लागतात. रिकॉल निघाला म्हणजे गाडी वाईट असं नाही, उलट कंपनी मान्य करून दुरुस्त करतेय, पण आपल्या गाडीवर ते काम झालंय याची खात्री आपणच करायची.

रॅम चालवायला या सगळ्यांत सगळ्यात मऊ, केबिन तर एखाद्या मोठ्या सेदानसारखं. २०२५ च्या मॉडेलात त्यांनी ५.७ लिटर हेमी व्ही-एट काढून ३.० लिटरचं ट्विन टर्बो सहा सिलिंडरचं इंजिन दिलं, साध्या रूपात ४२० आणि जास्त ताकदीच्या रूपात ५४० हॉर्सपॉवर. गिऱ्हाइकांनी एवढं मनावर घेतलं की २०२६ च्या मॉडेलात हेमी परत आलं. कागदावर नवं इंजिन जिंकतं, मलाही तेच बरं वाटलं, पण ज्याला व्ही-एटची सवय आहे त्याने दोन्ही चालवूनच ठरवावं. टुंड्राचा हौदा कंपोझिटचा, म्हणजे पत्र्याऐवजी प्लास्टिकच्या मिश्रणाचा आहे, सहज पोचे पडत नाहीत, गंज नाही, आणि हायब्रिडचा टॉर्क ५८३ फूट पाउंड. टाकोमा मध्यम आकाराची, २.४ लिटर टर्बो, अजून सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो, आणि मागच्या सीटवर मोठ्या माणसाचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात हे मला जाणवलं, तेव्हा चार मोठी माणसं रोज बसणार असतील तर आधी सगळ्यांना बसवून बघा.

हौद्याची लांबी हा विषय लोक फार हलक्यात घेतात. मोठ्या पिकअपमध्ये साधारण साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट असे पर्याय असतात, आणि चार दारांची कॅब घेतली की बहुतेकांना साडेपाचचाच मिळतो. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची. मोठ्या गाड्यांत चाकांच्या कमानींमधली जागा चार फुटांपेक्षा थोडी जास्त असते म्हणून शीट तळाला सपाट बसते, फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडा ठेवला तर लांबीही बऱ्यापैकी मावते. मध्यम गाड्यांत बऱ्याच ठिकाणी ती कमानींवर टेकवून ठेवावी लागते. होंडाची रिजलाइन मध्यम आकाराची असूनही तिच्यात सपाट बसते, आणि तिच्या हौद्याच्या खाली एक कुलूप लागणारी डिकी आहे, फाळका खाली पडतो तसा दारासारखा बाजूलाही उघडतो. तिला वेगळी चासी नाही, कारसारखी एकसंध बॉडी, म्हणून ओढते फक्त २,२५० किलोच्या आसपास, पण ज्याला बागकाम, सायकली, फर्निचर, रविवारची बोट एवढंच करायचंय त्याला मी मोठी पिकअप घ्यायच्या आधी हीच चालवून बघायला सांगेन. त्याहून लहान फोर्डची मॅव्हरिक, हौदा साडेचार फूट, पण पेलोड ६८० किलोपर्यंत आणि हायब्रिड. हे परत वाचा, शहरात कारसारखी पार्क होणारी ही छोटी गाडी रेंजर रॅप्टरएवढाच माल घेते. म्हणून तर सारखा स्टिकर स्टिकर करतोय.

विजेच्या पिकअपबद्दल मन मोकळं ठेवून सगळं बघितलं. रिव्हियन आर-वन-टी आणि टेस्लाची सायबरट्रक दोन्ही सुमारे ५,००० किलो ओढतात आणि ओढताना जी सलग, आवाज नसलेली ताकद मिळते ती कुठल्याच डिझेलला जमत नाही. पण मोठा चौकोनी ट्रेलर लावला की रेंज साधारण निम्म्यावर येते, कारण हायवेच्या वेगाला खरा खर्च वारा कापण्याचा असतो, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी आत लागत नाही. एफ-१५० लाइटनिंगचं उत्पादन थांबवल्याचं फोर्डने २०२५ च्या डिसेंबरात सांगितलं, पुढची गाडी बॅटरीबरोबर इंजिनाचा जनरेटर असलेली असेल म्हणतात. रोज ठरलेला शंभर किलोमीटरचा फेरा, रात्री स्वतःच्या जागेत चार्जिंग, ट्रेलर नाही, अशांना मात्र विजेची पिकअप छान परवडेल.

मधला मार्ग म्हणजे प्लग-इन हायब्रिड, बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेली गाडी. बीवायडीची शार्क २०२४ मध्ये आली, २९.५८ किलोवॉट-अवरची बॅटरी, दोन मोटरी आणि १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, शून्य ते शंभर ५.७ सेकंदांत. शहरात आणि रिकामी ती खरोखर सुंदर आहे, हौद्यातून वीजही मिळते. पण पेलोड ७९० किलो, ओढायची मर्यादा २,५०० आणि मागच्या चाकांना इंजिनापासून येणारा शाफ्टच नाही, फक्त मोटर. लांब चढावर भरलेली न्यायची आणि बॅटरी उतरलेली असेल तर सगळा भार त्या छोट्या इंजिनावर येतो. रेंजरच्या प्लग-इनमध्ये बॅटरी ११.८ किलोवॉट-अवरची, म्हणजे विजेवर अंतर कमी, पण शाफ्ट तसाच ठेवलाय आणि ३,५०० किलो ओढायची मर्यादाही. दोन्हींना प्लग-इनच म्हणतात, काम मात्र वेगळं.

डिझेल घेणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करा. नव्या डिझेलना धूर गाळायचा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी काही वेळ सलग, गरम होऊन चालावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद करणार असाल तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि खर्च मोठा येतो. अशा वापराला पेट्रोल किंवा हायब्रिडच घ्या, कितीही लोक डिझेलचं कौतुक करोत.

आणि बोनेटची उंची. हल्लीच्या मोठ्या पिकअप समोरून भिंतीसारख्या झाल्यात. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं की ज्या गाड्यांचं बोनेट ४० इंचांपेक्षा उंच आहे त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंच किंवा कमी, उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. घरात लहान मूल असेल तर शोरूममध्ये त्याला गाडीसमोर उभं करा, तुम्ही सीटवर बसा, आणि ते दिसतंय का बघा. मी माझ्या भाच्याला उभं केलं, एका गाडीसमोर तो पूर्ण नाहीसा झाला, आणि ती गाडी मी यादीतून तिथेच काढली. पुढचा कॅमेरा असेल तर तो कमी वेगाला आपोआप चालू होतो का हेही विचारा.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊन काहीच कळत नाही. मी आता शोरूमला आधीच फोन करून सांगतो की सिमेंटच्या सहा गोणी माझ्या मी घेऊन येतो, तीनशे किलो, त्या हौद्यात टाकून चालवणार. तीन ठिकाणी हो म्हणाले, एका ठिकाणी नाही. गोणी टाकून एक चढ, एक जोराचा ब्रेक, एक खराब रस्ता, एवढंच करायचं, आणि त्या वेळी मागे घरच्या कुणाला तरी बसवायचं. फाळका एका हाताने उघडतो का, हौद्यात माल बांधायचे हुक किती आणि ते नुसते पत्र्याला आहेत की आत चौकटीला, स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, ही सगळी तपासणी तेव्हाच होते.

माझा माल बहुतेक वेळा सहाशे ते साडेसातशे किलो, माणसं दोन, ट्रेलर महिन्यातून एकदा. यादीत शेवटी दोनच राहिल्यात, रेंजर व्ही-सिक्स आणि डी-मॅक्स ३.० चं मधलं व्हेरिएंट. रेंजरमध्ये पॅलेट बसतं, डी-मॅक्समध्ये इंजिनाचा भरवसा वाटतो. पुढच्या आठवड्यात दोन्ही गाड्यांच्या दारावरच्या पट्टीचे फोटो काढून आणणारे, रिकाम्या गाड्या काट्यावर घालायची परवानगीही मागितलीये, ज्या गाडीत माझे साडेसातशे किलो, दोन माणसं आणि वर शंभर किलोची सवड राहील ती बुक करणार.